दृढीकृत काचेची तापधारण कसोटी

दृढीकृत काचेची तापधारण कसोटी : इमारतींच्या बाह्य भिंती, छते, सज्जांचे कठडे इ. ठिकाणी बसवावयाच्या दृढीकृत काचेतील सदोष फलक ओळखून ते आधीच बाद करण्यासाठी योजिली जाणारी एक विनाशी कसोटी. या कसोटीत दृढीकृत काचेचे तयार फलक खास भट्टीत ठेवून सु. २६०° ते २९०° से. तापमानापर्यंत तापवितात, ठरावीक काळ त्या तापमानास ठेवतात व नंतर सावकाश थंड करतात. काचेत निकेल सल्फाइडाचा घातक कण असल्यास तो फलक भट्टीतच फुटतो. निर्दोष फलक टिकून राहतात. इमारतीवर काही वर्षांनी होणारी फूट भट्टीत काही तासांत घडवून आणणे, हे या कसोटीमागील तत्त्व होय. काचेचा दोष या कसोटीने दुरुस्त होत नाही, तसेच तिचे बलही वाढत नाही.

काचेचे दृढीकरण : काच मूलतः दुर्बल नाही, तिच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म तडे तिला दुर्बल करतात. ताण पडला की या तड्यांच्या टोकांशी प्रतिबल एकवटते व तडा वाढत जाऊन काच फुटते. या घटनेची पायाभूत मीमांसा ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केली. तडे कायम दाबाखाली राहतील अशी व्यवस्था केली, तर ते उघडण्यापूर्वी बाहेरील ताणाला प्रथम तो दाब नाहीसा करावा लागतो. दृढीकरणात हेच साधले जाते. आवश्यक त्या मापात कापलेली व भोके पाडलेली काच ६२०° ते ६५०° से.पर्यंत तापवून तिच्या दोन्ही बाजूंवर थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग प्रथम थंड होऊन घट्ट होतो; गाभा नंतर थंड होऊन आकसू पाहतो, परंतु घट्ट झालेला पृष्ठभाग त्याला आकसू देत नाही. परिणामी पृष्ठभागात संपीडक (दाबाचे) व गाभ्यात ताणाचे प्रतिबल कायमचे कोंडले जाते. पृष्ठभागीय दाब सामान्यतः ७० मेगॅपास्कालपेक्षा जास्त असतो व गाभ्यातील ताण त्याच्या सु. निम्मा असतो. जाडीच्या दोन्ही बाजूंचा प्रत्येकी सु. एक-पंचमांश भाग दाबाखाली, तर मधला उरलेला भाग ताणाखाली असतो.

साध्या अनुशीतित (सावकाश थंड केलेल्या) काचेचे वाकण-बल यूरोपीय मानकांत ४५, तर दृढीकृत काचेचे १२० मेगॅपास्काल धरतात. दृढीकृत काच फुटल्यास गाभ्यात साठलेली ऊर्जा मुक्त होऊन संपूर्ण फलकाचे बोथट कडांचे लहान तुकडे होतात. यूरोपीय मानकानुसार ४ ते १२ मिमी. जाडीच्या काचेत ५० मिमी. बाजूच्या चौरसात किमान ४० तुकडे व्हावे लागतात. या गुणामुळेच तिला सुरक्षा काच म्हणतात. तथापि अशी काच दृढीकरणानंतर कापता वा भोके पाडता येत नाही आणि तडा एकदा ताणाच्या भागात शिरला की फलक वाचत नाही. उंचावरून पडताना अनेक तुकडे एकमेकांत अडकून मोठ्या ढेपांच्या स्वरूपात खाली येतात व पादचाऱ्यांना गंभीर इजा पोहोचवू शकतात.

पूर्वेतिहास : वेगाने थंड केलेल्या काचेचे बल व तिची स्फोटक भंगुरता या दोन्ही गोष्टी सतराव्या शतकापासून माहीत आहेत. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला की त्याला लांब शेपटी असलेल्या अश्रूचा आकार येतो. त्याच्या डोक्यावर हातोडीचा घाव घातला तरी तो सहसा फुटत नाही. मात्र शेपटी मोडताच संपूर्ण थेंबाची पूड होते. प्रिन्स रूपर्ट यांनी असे थेंब १६६० च्या सुमारास इंग्लंडमध्ये राजे दुसरे चार्ल्स यांच्या दरबारी आणले. म्हणून त्यांना ‘रूपर्टचे थेंब’ असे नाव पडले. रॉयल सोसायटीने १६६१ मध्ये त्यांवर प्रयोग केले आणि रॉबर्ट हुक यांनी १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या मायक्रोग्राफिया या ग्रंथात त्यांचे विवेचन केले. या कोड्याचा उलगडा पूर्ण होण्यास तीन शतकांहून अधिक काळ लागला. एस्. चंद्रशेखर व एम्. एम्. चौधरी यांनी १९९४ मध्ये अतिवेगवान छायाचित्रणाने दाखविले की, शेपटीकडून डोक्याकडे तडा सेकंदाला सु. १,४५० ते १,९०० मी. वेगाने धावतो. थेंबाच्या डोक्यावरील पृष्ठभागीय दाब ७०० मेगॅपास्कालपर्यंत असतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांवरून दिसून आले.

या गुणधर्माचा औद्योगिक उपयोग प्रथम फ्रान्समध्ये झाला. रॉयर द ला बास्ती यांनी १८७४ मध्ये तापलेली काच तेल वा चरबीच्या उष्ण द्रवात बुडवून दृढ करण्याच्या कृतीचे एकस्व (पेटंट) मिळविले. या काचेचे पेले व दिव्याच्या चिमण्या यांची मोठी प्रसिद्धी झाली. परंतु कोणी हात न लावता त्या अचानक फुटतात, अशा तक्रारीही लवकरच येऊ लागल्या व लोकांचा तिच्यावरील विश्वास उडाला. विसाव्या शतकात द्रवाऐवजी हवेचे झोत वापरण्याची पद्धत रूढ झाली व दृढीकृत काच मोटारगाड्यांत आणि पुढे इमारतींत आली. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलादी वा काँक्रीटच्या सांगाड्यावर केवळ पडद्यासारखी टांगलेली काचेची भिंत ही आधुनिक वास्तुशिल्पाची ओळख ठरली. ब्रिटनमधील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीमुळे वितळलेल्या कथिलावर तरंगत तयार होणारी सपाट, नितळ काच मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होऊ लागली व या प्रवृत्तीस अधिकच चालना मिळाली. (→ काच).

मेलबर्न येथील प्रकरण : ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात १३२ फूट (सु. ४० मी.) ही इमारतींच्या उंचीची मर्यादा दीर्घकाळ पाळली जात होती. ती ओलांडणारी पहिली इमारत म्हणजे १९५८ मध्ये पूर्ण झालेली आयसीआय हाउस (आताचे ओरिका हाउस) होय. बेट्स, स्मार्ट अँड मॅक्‌कचन या वास्तुविशारद संस्थेने तिचा आराखडा केला होता. चारही बाजूंनी काचेने मढविलेली ही इमारत नव्या युगाचे प्रतीक मानली गेली. पुढे तिच्या बाह्य भिंतीतील दृढीकृत काचेचे फलक बाह्य आघाताविना फुटून खाली पडू लागले. वारा, उन्हाचा ताप, चौकटीचा दाब, बसवितानाची हयगय अशी नेहमीची कारणे या फुटीचा पुरेसा खुलासा करू शकत नव्हती.

ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ सायंटिफिक अँड इंडस्ट्रियल रिसर्च ऑर्गनायझेशन या संस्थेच्या इमारत-संशोधन विभागातील ई. आर्. बॅलंटाइन यांनी या फुटीचा अभ्यास केला व १९६१ मध्ये अहवाल सादर केला. दृढीकृत काच फुटल्यावर तुकड्यांवरील तड्यांच्या दिशा मागे मागे शोधत गेल्यास फुटीचे उगमस्थान सापडते. तेथे समोरासमोर चिकटलेले, इतरांहून मोठे असे दोन तुकडे आढळतात. त्यांचा जोड पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा दिसतो. या दोन तुकड्यांमधील सीमेवर, काचेच्या जाडीच्या मध्यभागी, डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक गोलसर कण होता. हा कण निकेल सल्फाइडाचा होता. दृढीकृत काच आपोआप फुटण्याशी निकेल सल्फाइडाचा संबंध जोडणारे हे पहिले महत्त्वाचे संशोधन मानले जाते. पुढील काळातील बहुतेक सर्व अभ्यास या अहवालापासून सुरू होतात.

फुटीची यंत्रणा : निकेल व गंधक यांच्या प्रणालीचा सविस्तर अभ्यास जी. कुलेरुड व आर्. ए. युंड यांनी वॉशिंग्टन येथील कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकीय प्रयोगशाळेत केला आणि तो १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. निकेल सल्फाइडाच्या दोन प्रावस्था आहेत. ३७९° से.च्या वर षट्‌कोणी मांडणीची आल्फा प्रावस्था स्थिर असते. त्याखालील तापमानास समांतर षट्‌फलकीय मांडणीची बीटा प्रावस्था स्थिर असते. निसर्गात मिलेराइट या नावाने आढळणारे खनिज म्हणजे ही बीटा प्रावस्था होय. आल्फाचे बीटात रूपांतर होताना घनफळ सु. २ ते ४ टक्के वाढते.

भट्टीतून निघालेली साधी काच सावकाश थंड होते. त्यामुळे कणाला रूपांतरासाठी बराच अवधी मिळतो आणि भोवतीच्या काचेत गाभ्याचा ताण नसल्याने सूक्ष्म तडे पडले तरी ते तेथेच थांबतात. दृढीकरणाच्या वेळी मात्र काच ६००° से.च्या वर गेल्यामुळे कण पुन्हा आल्फा प्रावस्थेत जातो व हवेच्या झोतांनी काच काही सेकंदांत थंड झाल्यामुळे त्याच प्रावस्थेत अडकून पडतो. नेहमीच्या तापमानास रूपांतर अत्यंत मंद गतीने चालू राहते. कण फुगत जातो, भोवती सूक्ष्म तडे पडतात आणि कण गाभ्याच्या ताणाच्या भागात असेल, तर एक दिवस तडा आवरेनासा होऊन फलक फुटतो. ही वेळ काही महिन्यांनी येईल की वीस वर्षांनी, हे कणाचा आकार, त्याचे स्थान, रासायनिक घटन, काचेतील ताण व तिला मिळणारी उष्णता यांवर अवलंबून असते. उन्हाने तापणाऱ्या फलकांत ही क्रिया तुलनेने जलद घडते.

एम्. व्ही. स्वेन यांनी १९८१ मध्ये सूक्ष्म तड्यांच्या यामिकीवरून घातक कणाच्या किमान व्यासाचे गणित मांडले. त्यानुसार गाभ्यातील ताण जितका अधिक, तितका घातक ठरू शकणारा कण लहान असतो. प्रत्यक्षात फुटीच्या उगमाशी सापडणारे कण बहुधा ०·०५ ते ०·५ मिमी. व्यासाचे असतात. क्वीन्सलंड विद्यापीठातील जे. सी. बॅरी व एस्. फोर्ड यांनी अशा कणांचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. अंशतः ताप देऊन दृढ केलेल्या, म्हणजे २४ ते ५२ मेगॅपास्काल पृष्ठभागीय दाबाच्या काचेत गाभ्याचा ताण कमी असल्याने अशी फूट सहसा होत नाही.

कणांचा उगम : काचेच्या कच्च्या मालात निकेल मुद्दाम घालीत नाहीत. अगंज (स्टेनलेस) पोलादाचे वा निकेलयुक्त मिश्रधातूंचे यंत्रभाग झिजून पडणारे कण, तुटलेल्या वितळजोड-कांड्यांचे तुकडे, तसेच पुनर्वापराच्या काचचुऱ्यातून आलेली धातूची भेसळ हे निकेलाचे उगम होत. गंधक हे काच निर्मळ करण्यासाठी घातलेल्या सोडियम सल्फेटातून व इंधनातून येते. यासाठी लागणारे निकेलाचे प्रमाण किती अल्प असते, हे साध्या हिशोबाने कळते. ०·१ मिमी. व्यासाच्या निकेल सल्फाइडाच्या गोलकाचे वजन सु. २·८ मायक्रोग्रॅम भरते व त्यात सु. १·८ मायक्रोग्रॅम निकेल असते; म्हणजे केवळ एक ग्रॅम निकेलापासून असे पाच लाखांहून अधिक कण होऊ शकतात. फ्लोट काचेच्या भट्टीतून दिवसाला शेकडो टन काच बाहेर पडते. तीमधील विखुरलेले, पारदर्शक फलकाच्या गाभ्यातील एवढे लहान कण नेहमीच्या तपासणीत निसटून जातात. चुंबकाने लोखंड वेगळे काढणे, पट्टे व गाळण्या निकेलरहित ठेवणे इ. उपायांनी धोका घटतो. तो शून्यावर येत नाही. कण शोधण्यापेक्षा त्याला स्वतःहून प्रकट होण्यास भाग पाडावे, हा विचार येथूनच पुढे आला.

कसोटीची कृती : फलक उभे करून, त्यांमध्ये पुरेसे अंतर राखून, ते पोलादी मांडणीवर रचतात व मांडणी भट्टीत सरकवितात. पंख्यांनी खेळविलेली गरम हवा सर्व फलकांवरून सारखी वाहणे आवश्यक असते. कृतीचे तापविणे, धारण व शीतन असे तीन टप्पे असतात. हवेचे तापमान व काचेचे तापमान यांत, विशेषतः जाड फलकांच्या बाबतीत, बराच फरक असू शकतो. म्हणून तापयुग्मे (तापमान मोजणारी साधने) प्रत्यक्ष काचेवर बसवितात. सर्वांत शेवटी तापणारा फलक किमान तापमानास पोहोचला म्हणजेच धारणकाळ सुरू झाला, असे मानतात. तापमानाच्या दोन्ही मर्यादा महत्त्वाच्या आहेत. तापमान कमी पडल्यास रूपांतर अपुरे राहून सदोष फलक टिकतात व ते ‘उत्तीर्ण’ म्हणून इमारतीवर जातात. तापमान फार वाढल्यास दृढीकरणाने निर्माण केलेला दाब सैल पडू लागतो. शिवाय ३७९° से.च्या जवळ रूपांतरास चालना देणारी ऊर्जाच उरत नाही.

मानकांचा विकास : मेलबर्नच्या अनुभवानंतर काही उत्पादकांनी आपापल्या पद्धतीने तापधारण सुरू केले; परंतु तापमान व काळ यांबाबत एकवाक्यता नव्हती. जर्मनीच्या डीआयएन १८५१६ या बाह्य भिंतींच्या आवरणासंबंधीच्या मानकाच्या १९९० मधील चौथ्या भागाने २९०° से. (± १०°) तापमानास ८ तास धारण करण्याची अट घातली. पुढे भट्टीतील फुटींच्या वेळांच्या नोंदी गोळा झाल्या. बहुतेक सदोष फलक तापविण्याच्या टप्प्यात वा धारणकाळाच्या आरंभीच फुटतात, असे त्यांवरून दिसले. त्यानुसार २००५ च्या ईएन १४१७९ या यूरोपीय मानकात तापमान तेच ठेवून धारणकाळ २ तासांवर आणण्यात आला. मात्र भट्टीचे अंशांकन व तापमानाची नोंद यांबाबतचे नियम कडक करण्यात आले. अँड्रेअस कास्पर व इतरांच्या संशोधनातून पुढे असे दिसून आले की, कणाच्या रासायनिक घटनानुसार रूपांतराचे तापमान व वेग बदलतो आणि जास्त तापमानास काही कणांचे रूपांतर होत नाही. म्हणून २०१६ च्या सुधारित मानकात धारण तापमान २६०° से. (± १०°) असे खाली आणण्यात आले. अधिक ताप म्हणजे अधिक कठोर कसोटी, ही सहज वाटणारी समजूत येथे चुकीची ठरली.

कसोटीच्या मर्यादा : यूरोपीय मानकाने अवशिष्ट धोका मान्य केला आहे. कसोटी योग्य रीतीने झाल्यास निकेल सल्फाइडामुळे होणारी फूट ४०० टन काचेमागे सांख्यिकीय दृष्ट्या एकापेक्षा जास्त नसावी, असा तो निकष आहे. १० मिमी. जाडीच्या काचेचे वजन चौ. मीटरला २५ किग्रॅ. असल्याने ४०० टन म्हणजे १६,००० चौ. मी. काच होते. मोठ्या इमारतीच्या आवरणात एवढी काच सहज लागते. म्हणजेच उत्तम कसोटीनंतरही अशा इमारतीवर एखादा फलक फुटणे अशक्य म्हणता येत नाही. शिवाय कडेला बसलेला घाव, चौकटीच्या धातूशी थेट स्पर्श, बसविताना आलेला ताण यांमुळे नंतर होणारी फूट या कसोटीच्या कक्षेत येत नाही.

दुसरी अडचण विश्वासाची आहे. कसोटी झालेला व न झालेला फलक दिसण्यात सारखेच असतात. फलकावरील चिन्ह व भट्टीचा तापमान-आलेख हाच काय तो पुरावा असतो. कसोटीमुळे खर्च वाढतो, फुटणारा फलक शेजारच्यांनाही इजा करतो आणि माल पोहोचविण्यास उशीर होतो. तिचा लाभ मात्र उत्पादकाला न होता, अनेक वर्षांनी त्या इमारतीखालून जाणाऱ्या व्यक्तीला होतो. यामुळे ही कसोटी केवळ स्वेच्छेवर न सोडता मानकात व करारात स्पष्टपणे नमूद करावी लागते.

काच पडण्याच्या प्रत्येक घटनेचा निकेल सल्फाइडाशी संबंध जोडणेही योग्य नव्हे. बॉस्टन येथील जॉन हॅनकॉक मनोऱ्याच्या काचा १९७३ मध्ये मोठ्या संख्येने फुटल्या व पुढे सर्व १०,३४४ फलक बदलावे लागले. तेथील दोष दुहेरी काचांना जोडणाऱ्या शिसेयुक्त ताठर डाकात होता. त्यांच्या जागी बसविलेले एकेरी फलक उष्णतेने दृढ केलेलेच होते.

अलीकडील प्रवृत्ती : कॅनडातील टोरँटो शहरात २०११ मध्ये अनेक नव्या निवासी मनोऱ्यांच्या सज्जांच्या कठड्यांतील दृढीकृत काचा फुटून रस्त्यावर पडल्या. तज्ञांच्या समितीने कारणांचा विचार केल्यानंतर आँटॅरिओ प्रांताने इमारत संहितेत बदल केला व तो १ जुलै २०१२ पासून अंमलात आला. त्यानुसार सज्जाच्या कडेलगतच्या कठड्यांत अंशतः दृढ केलेली स्तरित काच आवश्यक ठरली. तापधारण कसोटी झालेली दृढीकृत काच कडेपासून आत असलेल्या कठड्यांपुरती मान्य राहिली. स्तरित काचेत दोन फलकांमध्ये प्लॅस्टिकचा पटल असल्याने काच फुटली तरी तुकडे पटलाला चिकटून राहतात. फूट टाळण्याबरोबरच फुटलेली काच खाली पडू न देणे, या दुहेरी धोरणाकडे अशा रीतीने कल वळला आहे.

भारतात एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून मुंबई, पुणे, बंगळूर, गुरुग्राम इ. शहरांत काचेच्या आवरणाच्या इमारती झपाट्याने वाढल्या. महाराष्ट्रात तळोजे (जि. रायगड) येथे फ्लोट काचेचा कारखाना आहे. दृढीकृत सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ व इमारतींतील काचेच्या वापरासाठी आयएस १६२३१ ही भारतीय मानके आहेत. जेथे काच माणसांच्या डोक्यावर अथवा रहदारीच्या वर येते, तेथे फलकाची जाडी व रंग यांइतकाच तो कोणत्या कसोटीतून गेला आहे व फुटल्यास त्याचे तुकडे कोठे जातील, याचा विचार आराखड्याच्या वेळीच करणे अगत्याचे आहे.